आवक : निरंक

(ई-मेल)
फ्रेजरपुरा, अमरावती
सोमवार, २ जून २०२५

मोठेबाबा, जय भीम.

पशुधन पर्यवेक्षक पदाच्या निवड यादीत माझं नाव आहे. क्रमांक चौदा. "कोणी सांगितलं?" हा तुमचा पहिला प्रश्न असतो, म्हणून आधीच सांगते : खात्याच्या कार्यालयातल्या सत्यवती मॅडमनी फोनवर माझं नाव, बाबांचं नाव आणि क्रमांक दोनदा वाचून पक्कं केलं. मग मी आईला सांगितलं. आईनंतर तुम्हालाच सांगते आहे.

वर्षभर आपण बोललो नाही. बाबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला भर मांडवात तुम्ही विचारलं होतं, "बैलाच्या ढुंगणात सुई टोचाले शिकून राहिली का तू?" आणि मी म्हटलं होतं, "बैल तरी लगेच उत्तर देते." दोघांचंही चुकलं. माझं थोडं कमी.

आता काम. जात पडताळणीला आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा लागतो. अकोटकडच्या त्यांच्या गावी जाऊन आले. शाळेचं जुनं रजिस्टर पुरात गेलं, असं गुरुजी म्हणाले. तुम्ही १९८४ साली नोकरीसाठी काढलेला उतारा तेवढा उरला आहे, तुमच्या लोखंडी पेटीत. जी जात गावानं आपल्या तीन पिढ्यांना न मागता आठवून दिली, ती आता सिद्ध करायला गोल शिक्का लागतो. असो. सुनावणी २४ जूनला सकाळी अकरा वाजता, अमरावतीतच. मूळ उतारा आणि तुमचं शपथपत्र, दोन्ही हवं. बाबांचे मोठे भाऊ तुम्ही, त्यांच्याकडचं रक्ताचं माणूस आता तुम्ही एकटेच.

फोन करत नाही, कारण तुमचं कानाचं यंत्र फोनला लावलं की शिट्टी मारतं आणि तुम्ही "लेखी कळवा" म्हणून ठेवून देता. व्हॉट्सॲप तर तुम्ही कुटुंबाच्या ग्रुपवर रागावून काढूनच टाकलं. म्हणून लेखी कळवलं.

तुमची,
भावना

•

(ई-मेल)
जुने शहर, अकोला
शुक्रवार, ६ जून २०२५

चि. भावना हीस, जय भीम.

विषय : निवड झाल्याचे न कळवल्याबाबत.

तुझी निवड झाल्याचे आज शेजारच्या नितेशने वर्तमानपत्रातून वाचून दाखवले. वर्तमानपत्राचा मी आभारी आहे. सख्ख्या मोठ्या बापाला कळवायची पद्धत अमरावतीत बंद झाली असल्यास तसे परिपत्रक माझ्यापर्यंत आलेले नाही.

मी चौतीस वर्षे आवक-जावक टेबलावर काढली. एक कागद हरवला नाही. निवृत्तीनंतर तीच शिस्त फोनला लावली आहे. तुझा निकाल लागेल आणि तू कळवशील, या भाबड्या समजुतीने मी १ मे रोजीच ई-मेलात तुझ्या नावाची स्वतंत्र फाइल उघडली. तुझे टपाल जाहिरातींच्या कचऱ्यात न मिसळता परस्पर त्या फाइलमध्ये जाईल, अशी सूचना देऊन ठेवली. नोकरीत असताना हा मान फक्त मोठ्या साहेबांच्या टपालाला होता.

फोन वाजला की पाहायचे, ही माझी पद्धत. कपाटे उघडून कागद शोधत बसणे हे शिपायाचे काम. आजअखेर फोन वाजलेला नाही. कार्यालयात अशा वेळी रकान्यात "निरंक" लिहितात. म्हणजे आवक काहीच नाही.

अभिनंदन. (हे मात्र मनापासून.)

शेषराव

•

(ई-मेल)
अमरावती
शनिवार, ७ जून २०२५

मोठेबाबा,

मी दोन तारखेलाच लिहिलं आहे. निवडीचं, उताऱ्याचं, सुनावणीचं, सगळं. तुमची मेल मला मिळते आणि माझी तुम्हाला मिळत नाही, हा कोणता रस्ता आहे? अकोल्याहून अमरावती जवळ आणि अमरावतीहून अकोला लांब?

बरं, तुम्हाला राग धरायचा असेल तर धरा. मी रविवारी, १५ जूनला, सकाळच्या एसटीनं येते. उतारा काढून ठेवा. शपथपत्राचा मसुदा मी आणते. हल्ली मी एका खाजगी गोठ्यावर काम करते आणि म्हशींना रविवार कळत नाही, त्यामुळे एवढी एकच सुट्टी मिळाली आहे.

तुमच्या आवडीची मुगाची भजी आई डब्यात देणार आहे. फाइलमध्ये लावू नका.

भावना

•

(ई-मेल)
अकोला
मंगळवार, १७ जून २०२५

चि. भावना हीस, जय भीम.

विषय : स्मरणपत्र.

माझ्या ६ तारखेच्या पत्राला उत्तर नाही. तुझी फाइल निरंक.

मी शनिवार ते सोमवार गुरुकुंज मोझरीला होतो. घरात बोलायला भिंती आहेत, पण त्यांनाही आता माझे सगळे पाठ झाले आहे. तुझी मोठी आई होती तेव्हा निदान उलट उत्तर मिळे. परत आल्यावर नितेश म्हणाला, रविवारी एक पोरगी डबा घेऊन कुलपासमोर तासभर बसली होती, विमा एजंट असावी. मी म्हटले, पाहा, विम्यावाल्यांनाही माझी आठवण होते. डबा दाखवून गिऱ्हाईक धरायची ही नवी तऱ्हा दिसते.

तुझ्या कामात तू गुंतली असशील. जनावरांना माणसांपेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो, हे मला मान्य आहे. तरी एका ओळीची पोच देण्यास हरकत नसावी.

फोन उत्तम चालतो. बॅटरी चार-चार दिवस पुरते. बॅटरी वाचवायचे बटण मी विकत घेतल्या दिवसापासून चालू ठेवले आहे.

शेषराव

•

(साधे टपाल)
अमरावती
बुधवार, २५ जून २०२५

मोठेबाबा,

हे कागदावर लिहिते आहे. शाईनं. पोस्टमन कडी वाजवेल, तेव्हा तरी समजेल.

विमा एजंट मी होते.

दोन तास एसटीत, एक तास कुलपासमोर, दोन तास परत. भजी मी मूर्तिजापूरच्या स्टँडवर एका म्हाताऱ्याला दिली. तो म्हणाला, "कोणासाठी आणली होती, माय?" मी म्हटलं, "एका साहेबासाठी. साहेब दौऱ्यावर हायेत."

आजपर्यंत तुम्हाला पाच मेल केल्या, त्यातल्या तीन त्या कुलपानंतर. पाच. काल ती तारीख येऊन गेली. मी रिकाम्या हातानं उभी राहिले. टेबलापलीकडच्या मॅडम भल्या होत्या, पुढची तारीख दिली, आणि ही शेवटची हे बजावून सांगितलं. त्यानंतर चौदाव्या क्रमांकाच्या जागी पंधरावा जातो. त्याचा मोठा बाप बहुतेक मेल वाचत असेल.

कोणता कागद, कोणती तारीख, हे मी इथे लिहिणार नाही. लहानपणी तुमच्याकडे दोनदा सायकल मागितली तर तुम्ही म्हणायचात, "एकाच विषयावर दुसऱ्यांदा अर्ज घेतला जात नाही." माझा अर्ज तुमच्याकडे पाच प्रतीत पडला आहे. वाचा.

आणि ते बॅटरी वाचवायचं बटण आधी बंद करा. ते चालू असलं की फोन मेल आणायलाच जात नाही, झोपून राहतो. वाचवलेल्या बॅटरीचं तुम्ही करणार काय आहात? पेन्शनीत जमा होते का?

भावना

•

(ई-मेल)
अकोला
रविवार, २९ जून २०२५

चि. भावना हीस, जय भीम.

तुझे पत्र काल मिळाले. पोस्टमनने कडी वाजवली. पाच वेळा वाचले.

कुलपाचे वाचून वाईट वाटले. नितेशला मी सुनावले, "अरे, घरची पोर वयखू येत नाही?" तो म्हणाला, "काका, वर्षभरात कोणी आलंच नाही तुमच्याकडं, मी वयखणार कसा?" हा मुलगा फार बोलतो.

बॅटरीचे बटण सांगितल्याप्रमाणे बंद केले. त्या क्षणापासून फोनला वारे लागले आहे. काल दुपारपासून वाजलेल्या टपालाचा गोषवारा : साड्यांचा महासेल, चार. विमा, तीन. माझी साडेसाती कधी संपते याबद्दल आस्था असलेले एक गृहस्थ, दोन. गुडघेदुखी, एक. मी कधीच न केलेल्या विमानप्रवासाबद्दल माझे मत विचारणारे, एक. हे सगळे एका क्षणात येतात. महासेलवाल्याने बटण दाबले की माझा खिसा थरथरतो.

तुझे एकही नाही.

म्हणजे यंत्र ठीक आहे, भावना. रस्ता ठीक आहे. पाच मेल पाठवल्याचे तू म्हणतेस आणि मी ते नाकारत नाही, पण आवक नोंदीत ते नाहीत. टपाल पाठवले म्हणणारे माझ्या टेबलासमोर चौतीस वर्षे रोज उभे राहत. मी त्यांना एकच विचारी, "पोच आहे का?"

दुसऱ्यांदा अर्ज घेण्याची खास बाब म्हणून परवानगी देतो. काय हवे ते ई-मेलने पुन्हा कळव. फोन उशाशी ठेवला आहे.

शेषराव

•

(ई-मेल)
अमरावती
सोमवार, ३० जून २०२५

मोठेबाबा,

खास बाब म्हणून परवानगी दिलीत, उपकार झाले. ही सहावी.

१. आजोबांचा शाळेचा उतारा, मूळ प्रत.
२. तुमचं शपथपत्र, की सहदेव तुमचा सख्खा धाकटा भाऊ आणि मी त्याची मुलगी. मसुदा जोडला आहे.
३. मंगळवार, १५ जुलै, सकाळी अकरा. तुम्ही स्वतः हजर.

यापुढे तारीख नाही.

तुम्ही म्हणता, साडीवाल्याची मेल येते आणि माझी येत नाही. मी इथल्या कॉम्प्युटरवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, ताई, तुमच्या सगळ्या मेल पोचल्यात, एकही परत आलेली नाही. मग मला एकच समजतं. तुम्ही वाचता आणि उत्तर द्यायचं नाही म्हणून "निरंक" लिहिता. मांडवातल्या एका वाक्याची ही शिक्षा असेल, तर ती मला द्या. बाबांच्या नावावर कशाला? त्या कागदावर त्यांच्याही बापाचं नाव आहे.

आई म्हणते, "तुह्या मोठ्या बाबाचा राग कुकरसारखा हाय, शिट्टी झाली की उतरते." किती शिट्ट्या राहिल्यात तेवढं कळवा.

भावना

•

(ई-मेल)
अकोला
रविवार, ६ जुलै २०२५

चि. भावना हीस, जय भीम.

विषय : फाइल बंद करण्याबाबत.

आठवडा उलटला. फोन उशाशी होता. सोमवारी पहाटे एकदा वाजला तेव्हा मी चष्मा न लावताच धावलो. गुडघेदुखी होती.

तुला माझ्याशी पत्रव्यवहार ठेवायचा नाही, हे आता माझ्या लक्षात आले. कागदावर रागाचे पत्र येते, आणि काय हवे ते विचारले की शांतता. माझी परीक्षा पाहत असशील तर मी नापास झालो असे समज. तुला जे काही लागत होते ते बहुधा दुसरीकडून मिळाले असेल. नोकरीवर रुजू झालीस की वर्तमानपत्रात येईलच.

नियमाप्रमाणे, दोन महिने निरंक राहिलेली फाइल नष्ट करता येते. तुझ्या नावाची फाइल फोनातून कशी काढायची ते मला जमत नाही. बुधवारी दाऊदभाईच्या दुकानात जाऊन काढून टाकतो. रिकामे कपाट रोज पाहण्यात अर्थ नाही.

सुखी राहा.

शेषराव

•

(ई-मेल)
अमरावती
रविवार, ६ जुलै २०२५

करा नष्ट.

भावना

•

(नोंदणीकृत टपाल, पोचपावतीसह)
जुने शहर, अकोला
बुधवार, ९ जुलै २०२५

पोरी,

हे हाताने लिहितो आहे. विषय वगैरे घालत नाही.

सकाळी दाऊदभाईच्या दुकानात गेलो. तू पाहिले आहेस त्याला, पुलाजवळचा रेडिओ दुरुस्तीवाला, आता मोबाइलही उघडतो. त्याला म्हटले, "ही भावना नावाची फाइल काढून टाक. खाली हाय, काहीच नाही तिच्यात." त्याने फोन घेतला, कोपऱ्यातल्या तीन रेघा दाबल्या, यादी उघडली, आणि बोट वर धरून थांबला.

"शेषरावभाऊ, खाली म्हणता? याच्यात तर सात हायेत."

"काय सात?"

"चिठ्ठ्या. एकही उघडेल नाही."

मी म्हटले, "मंग फोन काहून नाही वाजला? साडीवाल्याची वाजते!"

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "भाऊ, घंटी दरवाजे को होती है, अलमारी को नहीं. या ॲपात जी चिठ्ठी समोरच्या दारातून येते तिचीच घंटी वाजते. साडीवाला दारातून येते, विमावाला दारातून येते. पोरीले तुमी हुकूम देऊन सीधा अलमारीत पाठवलं. कपाट उघडसान तवाच दिसन, तोवर चुप."

"कपाटाले घंटी बसवता येत नाही?"

"याच्यात नाही येत. दुसरं ॲप टाकलं तर तासा-दोन तासाले कपाटात डोकावून पाहीन म्हणते. तेही त्याच्या मर्जीनं. पण तुमी कपाट केलंच कावून?"

मी म्हटले, "महत्त्वाची हाय म्हणून."

त्याच्या स्टुलावर बसून सातही वाचल्या. दाऊदभाई तेवढा वेळ एका बंद रेडिओला डाग देत बसला होता. त्या रेडिओत काही बिघाड नव्हता, मला माहीत आहे, माझाच आहे, दुरुस्त होऊन न्यायचा राहिलेला. सातवी दोन शब्दांची होती. ती वाचली तेव्हा त्याने विचारले, "मंग, करू का डिलीट?" मी फोन त्याच्या हातातून हिसकून घेतला. चौतीस वर्षांत कोणाच्या हातून कागद हिसकला नव्हता.

तुझ्या सात पत्रांची आणि त्या शाईच्या पत्राची पोच एकत्र देतो. सायकलचे लक्षात आहे. भजीचे वाचून मी मूर्तिजापूरच्या त्या म्हाताऱ्याचा हेवा केला. शिट्टी एकही राहिलेली नाही.

आता जे लिहितो ते तुझ्या आईलाही वाचून दाखव. उतारा मी ६ जूनलाच पेटीतून काढून ठेवला होता. नितेशने तुझे नाव वाचून दाखवले, त्याच संध्याकाळी. तुला तो लागणार, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. चौतीस वर्षे लोकांच्या पडताळणीचे कागद माझ्याच हाताखालून गेले, मला नाही कळणार? प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेबलावर ठेवला आणि तुझ्या अर्जाची वाट पाहत बसलो. अर्जाशिवाय कागद बाहेर जाऊ द्यायचा नाही. महिनाभर मी त्या पिशवीसमोर जेवलो, आणि एकदाही मनात आले नाही की आपणच एसटीत बसावे. हा दोष फोनचा नाही. फोनात तर हुकूमही मीच भरला होता.

तो उतारा आज पुन्हा नीट वाचला. नाव, बापाचे नाव, जात, गाव, सगळे ठीक आहे, शिक्का स्पष्ट आहे. शेवटचा रकाना मी सहसा वाचत नसे, कारण साहेब तो पाहत नाहीत. "शाळा सोडण्याचे कारण" असा आहे. त्यात लिहिले आहे : गुरे राखण्यास. सन १९३८, इयत्ता दुसरी.

तुह्या आजाले गुरांसाठी शाळा सोडा लागली. तू गुरांसाठी शाळा शिकली. आन् मी भर मांडवात तुले ते बैलाचं बोललो. चुकलो, पोरी. थोडं कमी-जास्त काही नाही, सगळं माहंच चुकलं.

शपथपत्र आज दुपारी तुझ्या मसुद्याप्रमाणे करून घेतले. तू एका ठिकाणी "सख्खा" लिहायचे विसरली होतीस, मी घातले. कागद टपालाने पाठवत नाही आणि फोटो तर मुळीच नाही. हाती आणतो. मंगळवारी पहाटेच्या पहिल्या गाडीने निघतो, साडेआठपर्यंत फ्रेजरपुऱ्यात येतो. दाराची घंटी वाजवीन. ती चालते ना, एवढे आईकडून तपासून घे. नाहीतर कडी वाजवीन. अकराला आपण दोघे समितीपुढे उभे राहू. कानाचे यंत्र नवीन सेल घालून आणतो, त्यांनी विचारलेले ऐकू आले पाहिजे. भजी करायची असल्यास अर्ज करत नाही, सुचवतो.

तुझी फाइल दाऊदभाईने मोडली. तुझी सातही पत्रे आणि यापुढचे तुझे सगळे टपाल आता समोरच्या दारातून येईल, साड्या, विमा आणि गुडघेदुखीच्या रांगेत. यापेक्षा मोठा मान माझ्याकडे शिल्लक नाही.

एक राहिले. मसुद्यासोबत तू समितीची सूचना जोडली होतीस. तिच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिले आहे की सुनावणीनंतर पंधरा दिवसांत निर्णय उमेदवाराला ई-मेलने कळवण्यात येईल.

तुझा फोन मंगळवारी मला दाखव. मी कपाटे तपासतो.

तुझा,
मोठेबाबा